पुढच्या भोयाने वळून पाहिलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे सांगायलाही आज कोणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करत ऐकावी.

एका उंच घाटाच्या माथ्यावर भोयांचं एक लहानसं गाव होतं. घाटावर राजाची राजधानी, घाटाखाली समुद्राकडचा मुलूख. मधली वाट अशी चिंचोळी, की तिथे गाडी चालत नसे आणि घोडा पाऊल टाकत नसे. म्हणून ज्या कुणा मोठ्या माणसाला घाट उतरायचा असे तो मेण्यात बसे, आणि मेणा भोयांच्या खांद्यावर बसे.

मेणा म्हणजे चारी बाजूंनी पडदे लावलेली बंद पालखी. एक लांब दांडा, पुढे भोई, मागे भोई, आणि मध्ये पडद्याआड ओझं. हो, आतल्या माणसाला भोई ओझंच म्हणत. राजा असो की राजाचा आचारी, खांद्यावर आला की ओझं. आत कोण आहे हे विचारायचं नाही आणि पडद्याआड डोकावायचं नाही, असा त्यांचा वाडवडिलांपासूनचा नेम होता.

दुसरा नेम त्याहून मोठा. मागच्या भोयाला वाट दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे असते ती मेण्याची पाठ. मग त्याने पाऊल टाकायचं कसं? तर पुढच्याच्या तोंडाने.

“धोंडा हाय!” असं पुढचा ओरडला, की मागचा म्हणे, “हाय!”

“पानी आलं!”

“आलं!”

“डाव्या अंगाला कडा!”

“कडा!”

मागच्याने शब्द उचलला की त्याने ऐकलं असं समजायचं आणि पुढे चालायचं. असा हा घाट त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरला होता. एकाने बघून, आणि दुसऱ्याने ऐकून.

या गावात भिवा नावाचा भोई होता. पुढे चालावं तर भिवानेच. त्याचा आवाज खणखणीत आणि पाय घोरपडीसारखा चिकट. घाटातला एकेक दगड त्याच्या ओळखीचा. त्याला खोड म्हणाल तर एकच होती, आणि तीही वाईट म्हणावी अशी नव्हती. त्याला कुतूहल फार. माकडं म्हातारी झाल्यावर कुठे जातात, धुकं धरलं तर हातात का येत नाही, असले प्रश्न त्याला चालता चालता पडत. आणि सगळ्यात मोठा प्रश्न पडे तो नावाजलेल्या माणसांविषयी.

आता गंमत बघा. राज्यातली झाडून सगळी नावाजलेली माणसं भिवाच्या खांद्यावरून गेली होती, आणि त्याने एकालाही पाहिलं नव्हतं. जिचं गाणं ऐकायला राजा सिंहासनावरून खाली उतरे, ती गायिका त्याला ठाऊक होती, पण केवड्याच्या आणि सुंठेच्या वासावरून. ज्याने काशीचे शास्त्री गप्प केले तो पंडित ठाऊक होता, पण घोरण्यावरून. पंडित घोरता घोरता मध्येच थांबे, समोरच्याला उत्तर सुचतंय का ते बघावं तसा. एका नगरशेटाला तर तो नुसत्या वजनावरून ओळखी, आणि तो येणार असं कळलं की खांद्याला आधीच तेल चोळून ठेवी.

घरी आल्यावर हे सगळं तो बायकोला रंगवून सांगे. बायकोचं नाव ठकू. ती भाकऱ्या थापता थापता हसे.

“आवो, एवढी मोठमोठी मानसं तुमच्या खांद्यावर बसून गेली, आन् तुमाला त्येंचा वास तेवढा ठाऊक!”

“म्हनून तर म्हंतो,” भिवा म्हणे. “एक डाव तरी डोळ्यांनी बघायचाय गं. मोठा मानूस दिसतो कसा? आपल्यागतच असतो, का काय येगळा असतो?”

प्रश्न काही चुकीचा नव्हता. तुम्हाआम्हालाही तो पडतोच की.

भिवाच्या मागे नेहमी चाले तो हैबती. हैबती ठकूचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा ठकूनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. आता तो चांगला बायकापोरांचा धनी झाला होता आणि शेजारच्याच घरात राहत होता, तरी कामाला निघताना बहिणीच्या दारावरून गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो बोले कमी, पण बोलला की चिमटा काढे. भिवाला दाजी म्हणे, आणि भिवाच्या शब्दावर डोळे मिटून पाय टाके. डोळे उघडे ठेवले तरी त्याला दिसणार काय होतं म्हणा!

एके दिवशी काय झालं, शेजारच्या गावी मोठं लग्न निघालं. गावातले सगळे भोई वऱ्हाड वाहायला गेले. राहिले भिवा आणि हैबती. आणि नेमका त्याच सकाळी राजधानीकडून एक मेणा आला. पुढेमागे घोडेस्वार, पडद्यांना जरीची किनार. आधीच्या टप्प्याच्या भोयांनी मेणा गावात टेकवला आणि पाणी पिऊन ते आपल्या वाटेने परत गेले.

घाटातला मेणा म्हणजे निदान चार खांद्यांचं काम. भिवाने डोकं खाजवलं. हैबती पुढे झाला आणि दांड्याला खांदा देऊन बघितला. मग त्याने भुवया वर चढवल्या.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “आत कोन हाय, का नुसताच मेना धाडलाय?”

भिवानेही उचलून बघितलं. खरंच की! नव्या नवरीचा मेणासुद्धा याहून जड लागला असता. दोघांनी सहज न्यावा असा.

एका स्वाराने हे ऐकलं आणि मिशीला पीळ भरला. “जरा जपून बोला. आत कोण आहे ठाऊक आहे का?”

इथे भोयाने गप्प बसायचं असतं. हैबती गप्प बसला. भिवाच्या तोंडून मात्र निसटलं, “कोन हाय?”

हैबती खाकरला. पण प्रश्न गेला तो गेला.

“सेनापती!” स्वार म्हणाला.

त्या राज्यात लहानसहान सेनापती पुष्कळ असतील, पण नुसतं ‘सेनापती’ म्हटलं की तो एकच. गावोगावच्या जत्रांत त्याचे पोवाडे गात. पोवाड्यातला सेनापती ताडमाड उंच होता. त्याने लाथ घातली की किल्ल्याचा दरवाजा बिजागरीतून निखळे. त्याची तलवार उचलायला दोन माणसं लागत, आणि त्याने हाक दिली की शत्रूचा हत्ती मटकन खाली बसे. भिवाने हे पोवाडे रात्र रात्र जागून ऐकले होते. आणि तो ताडमाड उंच माणूस आता भिवाच्या मेण्यात बसला होता, आणि मेणा होता पिसासारखा हलका.

“असं कसं असंल?” भिवा पुटपुटला.

स्वार लांबच्या वाटेने निघाले. घोड्यांना वळसा घालून जायचं होतं. घाटाखालच्या गावात भेटू, असं ते म्हणाले. मेणा उचलला गेला आणि घाटाला लागला.

“धोंडा हाय!”

“हाय!”

“उतार आला!”

“आला!”

भिवाचं तोंड बोलत होतं, पण मन मेण्यात जाऊन बसलं होतं. आत सेनापती आहे की त्याचा नुसता अंगरखा आहे? का दुसऱ्याच कुणाला त्याच्या नावाने धाडलं आहे? का मोठी माणसं वजनाला अशीच असतात? बरं, आतून काही आवाज यावा, तर तोही नाही. ना घोरणं, ना खोकणं. वास होता, पण तो नुसत्या धुतलेल्या कापडाचा.

वाटेत एक झरा लागला. तिथे मेणा टेकवायची रीत होती. भिवाने तांब्या भरला आणि पडद्यापाशी जाऊन अगदी गोड आवाजात विचारलं, “सरकार, पानी?”

पडदा बोटभर सरकला. आतून एक हात बाहेर आला. लहानसा, वाळका, मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या घावाचा वण असलेला. हाताने तांब्या घेतला. थोड्या वेळाने रिकामा तांब्या बाहेर आला आणि पडदा होता तसा झाला.

हैबती झाडाखाली पाठ करून बसला होता. “झालं का दर्शन?” त्याने विचारलं.

“हात दिसला.”

“मग उरलेला मानूस त्येच्या मागंच असंल. चला आता.”

पण तुम्हाला ठाऊक आहे, काहीच दिसलं नाही तर माणूस एक वेळ गप्प बसतो. थोडंसं दिसलं की मात्र त्याचा जीव राहत नाही. एवढासा हात, आणि त्याने म्हणे दरवाजा फोडला! भिवाच्या डोक्यात आता दुसरं काही मावत नव्हतं.

त्या घाटात एक जागा होती. तिला एकपायी म्हणत, कारण तिथे एका वेळी एकच पाऊल मावे. उजव्या हाताला सरळ कातळ, डाव्या हाताला तळ न दिसणारी दरी. आणि एकपायी संपता संपता वाटेच्या मधोमध एक भेग होती, गुडघाभर पाय जाईल एवढी. तिथे पोचण्याआधीच पुढच्याने ओरडायचं, “भेग हाय, लांब टाक!” भिवा हे इतक्या वेळा ओरडला होता, की झोपेतही त्याच्या तोंडून ते निघे, आणि ठकू त्याला ढोसून जागं करी.

मेणा एकपायीवर आला. तेवढ्यात दरीतून वाऱ्याचा झोत वर आला. मेण्याच्या पुढच्या पडद्याची दोरी सुटली, आणि पडद्याचं टोक फडफडत भिवाच्या मानेला येऊन लागलं.

पडदा उघडा होता. भिवाला ते पाठीने कळलं. आता नुसती मान वळवायची होती. मान वळवायला लागतं ते किती?

भिवाने मान वळवली.

त्याचे पाय मात्र चालतच होते. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते भेगेपाशी आले, आपण होऊन लांब पडले आणि भेगेपलीकडे गेले. पायांना भेग ठाऊक होती. पण तोंड काही बोललं नाही. तोंड उघडं होतं ते बघण्यासाठी.

आणि हैबतीने, पुढून शब्द आला नाही म्हणजे वाट साफ आहे असं समजून, सरळ पाऊल टाकलं.

काडकन आवाज झाला. मेणा दरीकडे कलला. अशा वेळी माणूस हातातलं टाकून आधी स्वतःला सावरतो. हैबतीने दांडा सोडला नाही. गुडघ्यापर्यंत भेगेत अडकलेला, कातळाला पाठ रेटलेली, आणि खांद्यावर सगळा मेणा. “दाजी,” तो कसाबसा म्हणाला, “टेकवा… आतल्या अंगाला टेकवा.”

भिवाने मेणा कातळाच्या बाजूला टेकवला आणि तो मागे धावला.

हैबतीचा पाय भेगेत पिळवटला होता आणि नडगीतून रक्त वाहत होतं. भिवा त्याला बखोटीला धरून ओढायला लागला, तसा मागून, मेण्याकडून आवाज आला.

“ओढू नकोस. आधी तो दगड हलव, मग पाय वर घे.”

आवाज शांत होता, आणि लोकांनी आपलं ऐकावं याची सवय असलेला होता. भिवाने दगड हलवला. दोन वाळके हात खाली आले आणि त्यांनी हैबतीचा पाय फुलासारखा वर काढला. “इथे दाबून धर. सोडू नकोस.” भिवाने दाबून धरलं. त्याला दिसत होता तो फक्त पाय. ज्या पायावर हैबतीचं घर चालत होतं, तो पाय. त्याच्या डोळ्यांपुढे ठकू येत होती, आणि ती आली की त्याला पायही नीट दिसेनासा होत होता.

“लढाईत असे पुष्कळ पाय मी बांधले आहेत,” आवाज म्हणाला. “घाटाखाली हाडवैद्य आहे का?”

“हाय, सरकार.”

“मग ऐक. दिवस मावळायच्या आत हा त्याच्यापाशी पोचला तर पाय राहील. उद्यावर गेलं तर पाय जाईल, आणि कदाचित माणूसही जाईल.”

मेण्याचा जरीचा पडदा टराटरा फाटला. चौकटीतल्या दोन कांब्या निघाल्या. हात भराभर पट्ट्या बांधत होते. बांधता बांधता आवाजाने विचारलं, “वाट तुझी रोजची दिसते. मग हे झालं कसं?”

भिवाला खोटं बोलता आलं असतं. वारा होताच, त्याच्यावर ढकलता आलं असतं. पण हैबतीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

“म्या मागं वळून बघितलं, सरकार.”

“काय बघायला?”

“तुमाला.”

 हातांनी गाठ मारली आणि सेनापती म्हणाला, “याला मेण्यात निजव.”

“आन् तुमी, सरकार?”

“मागचा खांदा माझा.”

भिवा खाली मान घालून हात जोडायला लागला. सेनापतीने त्याला थांबवलं. “हात नंतर जोड. मागच्या माणसाने काय म्हणायचं असतं, ते सांग.”

“म्या जे बोलंन, त्यातला शेवटचा शब्द.”

“बरं. आता नीट ऐक. जन्मभर मी पुढे चाललो, आणि हजारो माणसं माझ्या मागून आली. मागून चालायचं कसं असतं ते मला ठाऊक नाही. तेव्हा एकही खडा गाळू नकोस.”

भिवाने खालच्या मानेनेच हैबतीला मेण्यात निजवलं, मागच्या दांड्याला हात देऊन मेणा वर चढवला आणि पळत पुढे जाऊन आपला खांदा दिला. अशा रीतीने त्या घाटातून एक भोई मेण्यात बसून उतरू लागला.

दांडा मागच्या बाजूला खाली झुकला. भिवाला खांद्यावरूनच कळलं, मागचा माणूस बुटका आहे. चांगलाच बुटका. मग मागे काही सळसळलं. सेनापतीने शेल्याची घडी करून खांद्यावर ठेवली असावी, कारण दांडा सरळ झाला.

“उतार आला!”

“आला!”

“धोंडा हाय!”

“हाय!”

पहिल्याने मागचं पाऊल अडखळत होतं. मग ते शब्दावर पडू लागलं. आणि एक विलक्षण गोष्ट भिवाच्या ध्यानात आली. त्याच्या हाकेला उत्तरं दोन येत होती. एक मागून, आणि एक मेण्यातून. हैबती शुद्धीत होता-नव्हता, पण कानावर शब्द पडला की सवयीने त्याचे ओठ हलत होते.

“पानी आलं!”

“आलं!” सेनापती म्हणाला.

“…आलं,” हैबती कण्हला.

भिवाने मोकळ्या हाताने डोळे पुसले. पण पुढच्या भोयाला रडायची सोय नसते. रडलं की वाट दिसत नाही.

बराच वेळ गेला. मग सेनापतीने मागून विचारलं, “हा रोज असाच चालतो? समोरचं काहीही न दिसता?”

“व्हय, सरकार.”

“कुणाच्या भरवशावर?”

 भिवाला वाटेत एक काटा दिसला, आणि तो ओरडला, “काटा हाय!”

“हाय!” मागून उत्तर आलं. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

आता विचार करा. ज्याला बघायला भिवाने जन्मभर जीव टाकला, तो माणूस त्याच्या मागे चार पावलांवर होता. पडदा फाटून गेला होता. आडवं काहीच नव्हतं. आणि वाट आता रुंद झाली होती. एवढीशी मान वळवली असती तर काही बिघडलं नसतं, असं तुम्ही म्हणाल. भिवाच्याही मनाने तसं म्हणून बघितलं. पण त्याची मान वळली नाही. मागे कोण आहे, सेनापती की साधा भोई, हा प्रश्नच आता उरला नव्हता. मागे जो होता, त्याला वाट दिसत नव्हती. भिवा बारीकसारीक खडेसुद्धा ओरडून सांगत राहिला, आणि त्याचा आवाज चिरकत गेला.

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा मेणा घाटाखालच्या गावात पोचला. तिथे स्वार पोचले होते, ढोल वाजत होते, आणि सेनापती येणार म्हणून सगळं गाव वेशीवर लोटलं होतं. भिवाला कुणीच दिसलं नाही. त्याने मेणा टेकवला, हैबतीला पाठीवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत हाडवैद्याचं दार गाठलं. वैद्य पाय बसवत होता तेवढा वेळ त्याने हैबतीला घट्ट धरून ठेवलं. हैबती ओरडत होता आणि भिवा त्याच्याबरोबर ओरडत होता.

पाय बसला. वैद्य म्हणाला, “राहील.” तेव्हा कुठे भिवा पाणी प्यायला बाहेर आला.

बाहेर वेशीवर धुरळा तेवढा राहिला होता. सेनापती पुढच्या मुक्कामाला गेला होता. गावकऱ्यांनी भिवाला गराडा घातला. त्यांनाही गर्दीत सेनापती नीट दिसला नव्हता. ज्याला त्याला पुढच्याची पाठच दिसली होती.

“काय रं, तुझ्या मेन्याला खांदा दिला म्हनं त्यानं? दिसतो कसा? उंच हाय? मिशा कशा हायेत?”

“न्हाई ठाव,” भिवा म्हणाला.

“न्हाई ठाव? अरं, घाटभर तुझ्या मागं चालत आला ना?”

“मागं व्हता,” भिवा म्हणाला, “म्हनूनच न्हाई बघितला.”

लोकांना वाटलं, दमून याचं डोकं फिरलं असावं. भिवा आत गेला आणि हैबतीच्या उशाशी बसला. पणतीच्या उजेडात तो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं हा माणूस त्याच्या मागून चालला होता, आणि याच्या कानामागे पिकलेला केस आहे हे भिवाला आजच दिसत होतं. किती दिवसांचा असेल कोण जाणे.

हैबतीने डोळे उघडले. “दाजी, भेग का न्हाई बोललात?”

भिवाने मान खाली घातली. “पडदा उडाला. म्या मागं बघितलं.”

“मग? दिसला का सेनापती?”

“न्हाई रं.”

“काय दिसलं मग?”

“पडद्याचं अस्तर. लाल व्हतं.”

 हैबतीला हसू आलं, आणि हसल्यावर पाय दुखला म्हणून त्याने ओठ चावला. “म्हंजी आमचा पाय अस्तरापायी गेला म्हना की! निदान मानूस तरी बघून घ्यायचा.”

भिवाही हसायला गेला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मेण्याच्या दांड्यासारखे ताठ खांदे असलेला तो माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. हैबतीने त्याला रडू दिलं. त्याचा हात पोचत होता तिथवर, म्हणजे भिवाच्या गुडघ्यावर, तो थोपटत राहिला.

हैबतीचा पाय राहिला. पण तो गुडघ्यात पुन्हा नीट वाकला नाही, आणि मेणा त्याच्या खांद्यावर पुन्हा चढला नाही. भिवाला मिळे ते दोन्ही घरांत सारखं शिजे. ठकूने नवऱ्याला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. सेनापतीवर पुढे आणखी पोवाडे झाले. त्यात तो आणखी उंच झाला. भिवा जत्रेत बसून ते ऐके.

मात्र एक झालं. पुढील काळात भिवाच्या मागच्या खांद्याला दुसरे भोई आले. मेणा उचलण्याआधी भिवा दर वेळी आधी मागे जाई, मागच्या माणसाच्या समोर उभा राही, त्याचं तोंड नीट बघून घेई, आणि मग पुढे येऊन खांदा देई. पहिल्याने लोक हसले. मग त्यांनीही तसं करायला सुरुवात केली. त्या घाटात पुढे किती पिढ्या मेणे चालले, पण असं बघितल्याशिवाय कुणी दांड्याला हात लावला नाही. मेण्यात कोण आहे, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

म्हणून सांगतो: नावाजलेला माणूस क्वचित भेटतो आणि निघून जातो, नजर राखायची ती त्याच्यावर, जो आपल्या भरवशावर पाऊल टाकतो.